उभा आवाज

होळीच्या आधीच्या सोमवारी नांदेडच्या डॉक्टरांनी सरांचे कान तपासले. दोन्ही कान जात आहेत, औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. सरांनी विचारलं, कधीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. आम्ही बसने परत निघालो. वारंगा फाट्यावर बस थांबली. सर उतरले, चहा प्यायले आणि मला म्हणाले, "मॅडम, स्पीकर आता घ्यावे लागतील."

मी त्यांच्यासोबत होते ती त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या सांगण्यावरून. मला कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं पाहायला नांदेडला जायचंच होतं, आणि काकूंचे गुडघे त्या दिवसांत दुखत होते. निघताना त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणतो ते तू ऐक पोरी. हे घरी येऊन निम्मंच सांगतेत." पण त्या दिवशी सरांनी सगळं सांगितलं. फक्त क्रम उलटा केला. आधी स्पीकरचं सांगितलं, मग कानांचं.

कळमनुरीत सरांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. खोली पाहायला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गाव, पगार, नातेवाईक यांपैकी काही विचारलं नाही. "तुमाला आवाजाची तकलीफ आहे का?" एवढंच विचारलं. रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल म्हणत असतील असं समजून मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी खुलासा केला की खाली उभे स्पीकर येणार आहेत, आज ना उद्या येतील, मागून तक्रार नको. मी राहायला आले. वर्षं गेली. स्पीकर काही आले नाहीत.

उभे स्पीकर म्हणजे कमरेएवढी उंच, अरुंद लाकडी खोकी. ती टेबलावर किंवा फळीवर ठेवायची नसतात, थेट फरशीवर उभी करायची असतात. दुकानदार त्यांना टॉवर म्हणतात. सरांना तो शब्द आवडत नसे. टॉवर मोबाइलचे असतात, त्यांच्यातून कुणी गात नाही, असं ते म्हणायचे. पेन्शनमध्ये बसतील असेच स्पीकर त्यांना घ्यायचे होते, महागड्यांचा त्यांनी कधी विचारही केला नाही. पण त्या स्वस्तातल्या जोड्यांमधली कोणती, हा विचार त्यांनी नोकरीच्या शेवटच्या काळात सुरू केला आणि निवृत्तीनंतर तो त्यांचा पूर्ण वेळचा उद्योग झाला. काकू म्हणायच्या, यांनी एवढा विचार माझ्यासाठी केला असता तर लग्न झालंच नसतं.

सर आश्रमशाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात ते कधी खुर्चीवर बसले नाहीत असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. बसून सांगितलेला नकाशा पोरांना कळत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्त्याने चालताना मध्येच थांबून ते सांगायचे की इथून या बाजूला पडलेलं पाणी कयाधू नदीला जातं आणि त्या बाजूला पडलेलं जात नाही. सोबतचा माणूस भाजी आणायला निघालेला असला तरी त्याला ते ऐकावं लागे.

जगातल्या आवाजांचे त्यांनी दोन भाग केले होते. एक उभ्याने काढलेला आवाज आणि दुसरा बसून काढलेला. कंडक्टर उभा, तलाठी बसलेला. बाजारात ओरडणारी बांगडीवाली उभी, बातम्या देणारा बसलेला. फोन आला की पलीकडचा माणूस उभा आहे की बसलाय हे ते आधी ठरवत आणि मग कामाचं बोलत. "उभा राहून बोलून राहिला, घाईत आहे," असं फोनवर हात ठेवून काकूंना सांगायचे. बहुतेक वेळा ते खरं निघे. एकदा माझ्या भावाचा फोन माझ्याऐवजी त्यांनी घेतला. माझ्याकडे देताना हळूच म्हणाले, "आडवे पडून बोलतेत. बरं नसंल. विचारा." भावाला खरंच ताप होता.

म्हणून स्पीकर उभेच हवेत, असं त्यांचं म्हणणं. लहान स्पीकर स्टुलावर ठेवले की गाणारी बाई स्टुलावर बसते. उभे असले की ती उभी राहते. मी एकदा म्हणाले, सर, ऐकू तर दोन्हीकडून येतंच ना. ते म्हणाले, "ऐकू येणं येगळं, समोर येणं येगळं."

यामागची गोष्ट त्यांनी मला नांदेडहून आल्यावर सांगितली. त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि काकू आत लसूण सोलत होत्या.

सर बंजारा. त्यांचा तांडा शिरड शहापूरच्या अलीकडे, आणि काकूंचा आणखी आत. त्यांच्या लग्नाच्या वेळी जुन्या चाली अजून शिल्लक होत्या. नवरी सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर तिला उभी करतात. ती दोन्ही हात वर करून बापाच्या घराचा निरोप घेते, आणि तो निरोप गाऊन घ्यायचा असतो. त्या गाण्याला हवेली म्हणतात. बायका ती महिनोन्‌महिने लेकीला शिकवतात. गाणारी रडत असते, पण आवाज मोडू द्यायचा नसतो.

"मी खाली उभा होतो," सर म्हणाले. "हिचं तोंड तवर मी पाह्यलं नव्हतं. घुंगट होता. आवाज माझ्या डोक्यावरून आला. मला वाटलं, ही बाई केवढी उंच आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "उतरल्यावर कळलं ना."

सर हसले नाहीत. ते म्हणाले, त्या दिवसानंतर तो आवाज पुन्हा ऐकला नाही. ही घरात गाते, दळताना गायची, लेकराला झोपवताना गायची, पण ते सगळं बसून. हवेली पुन्हा म्हटली नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात ती ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं होतं. पण लग्न हिंगोलीच्या मंगल कार्यालयात झालं. तिथे बैलाचा प्रश्नच नव्हता, आणि मुलीला हवेली येतही नव्हती. तिची गाडी निघाली तेव्हा गाडीची काच वर होती. ती आतून काहीतरी म्हणाली, ते कुणाला ऐकू आलं नाही.

तेव्हापासून सरांच्या मनात एकच गोष्ट होती. उभे स्पीकर घ्यायचे, काकूंनी एकदा हवेली म्हणायची, ती रेकॉर्ड करायची, आणि खाली सतरंजीवर बसून ती वरून येताना ऐकायची. जाणकार लोक सांगतात की ऐकणाऱ्याचा कान आणि स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा गोल एका उंचीवर असावा. सर म्हणायचे, नाही, तो गोल कानाच्या वर असावा. म्हणून त्यांनी पुढच्या खोलीतली एकुलती एक खुर्ची आधीच काढून टाकली होती.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की कान जाणार. म्हणजे दोन गोष्टी वेळेत व्हायला हव्या होत्या. सरांनी स्पीकर निवडायला हवे होते आणि काकूंनी गायला हवं होतं.

काकू गायला तयार नव्हत्या.

त्यांचं कारण साधं होतं. हवेली घर सोडताना म्हणायची असते. बाई ती आयुष्यात एकदा म्हणते. त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं की दुसऱ्यांदा म्हटली की दुसरं घर सुटतं. सरांनी समजावून पाहिलं, की हा नुसता समज आहे, आपण शिकलेली माणसं. काकू म्हणाल्या, "शिकलेले तुमी. कुणी घर सोडून चाललंय का? मग मी काहून म्हणू?"

मग सर स्पीकरच्या मागे लागले.

त्या उन्हाळ्यात तीन जोड्या त्यांच्या विचारात होत्या. वर्गातल्या मुलांना ठेवत तशी त्यांनी जोड्यांनाही नावं ठेवली. हिंगोलीच्या एका दुकानातली जोडी म्हणजे नवरदेव. तिला रंगीत दिवे होते, माइक होता, मोबाइल जोडायची सोय होती आणि आवाज गल्लीभर जायचा. दुसरी नांदेडची, रुंद, दोन मोठे गोल असलेली, तिचं नाव सासरा. ती बोलली की खिडकीची तावदानं थरथरायची, पण शब्द नीट कळायचे नाहीत. तिसरीही नांदेडचीच, बारीक, गडद रंगाची, गरजेपुरतं बोलणारी, शब्दन्‌शब्द स्पष्ट. तिला त्यांनी तलाठी म्हटलं. तलाठ्याचा दोष असा की त्याचा आवाज स्वच्छ होता पण त्याला छाती नव्हती. सर म्हणायचे, नवरदेवाला लाज नाही, सासऱ्याला जीभ नाही आणि तलाठ्याला पोट नाही. एकात सगळं मिळतंय कुठे.

तपासायची त्यांची पद्धत बाजारातली होती. आठवडी बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो आणि तो खणखणीत वाजला तर घेतो. सर दुकानात गेले की आधी स्पीकरच्या कुशीवर टिचकी मारायचे. "माठ वाजला पायजे. खोकं वाजता कामा नये," ते दुकानदाराला सांगायचे. नवरदेव डब्यासारखा वाजला. सासरा थोडा वाजला. तलाठी मुका राहिला. दुकानदार विचारी, गाणं लावू का साहेब. सर म्हणत, थांबा, अजून याचं गप बसणं ऐकतोय.

गाणं लावायची वेळ आली की ते आपला मोबाइल काढत. त्यात एकच रेकॉर्डिंग होतं. काकू काटवटीत भाकरी थापताना होणारा आवाज. काकूंनी हवेली दिली नाही म्हणून सरांनी त्यांच्या नकळत हा आवाज घेतला होता. आधी पिठाचा गोळा मळल्याचा मऊ आवाज, मग थापा, मध्ये बांगड्या, मग भाकरी तव्यावर पडल्याचा हलकासा फस्स. नांदेडच्या त्या दुकानात सिनेमातली गाणी वाजत होती, ती थांबवून मालकाने हे लावलं. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दुसरी भाकरी पहिलीपेक्षा मोठी झाली." सरांना तो माणूस फार आवडला. त्याला त्यांनी बाहेर नेऊन चहा पाजला.

दुकानाचा मालक भला माणूस होता. त्याने तलाठ्याची जोडी काही दिवस घरी नेऊन ऐकायला दिली. ती आली तेव्हा पुढच्या खोलीत हळद होती.

सरांच्या भावाने तांड्यावरच्या शेतात हळद केली होती. शिजवून, वाळवून झालेली हळद भाव येईपर्यंत सरांच्या घरी ठेवायची पद्धत होती. मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत पोती लावलेली, खिडकीही निम्मी झाकलेली. खोलीत शिरलं की घशात हळद जाणवायची. पोत्यांच्या समोर स्पीकर उभे केले, मधे सतरंजी टाकली, आणि सरांनी भाकरी लावली.

मी दारात उभी होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी अंग चोरून बाजूला झाले, कारण काटवट अगदी समोर होती आणि आपण वाटेत उभे आहोत असं वाटलं. सर खाली बसून ऐकत होते. तलाठ्याला पोट आलं होतं. दोन दिवस ते भाकरीच ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आठवडाभर ऐकतो आणि कळवतो.

त्या आठवड्यात हळदीला भाव आला. भावाचा टेम्पो आला, पोती गेली, काकूंनी खोली झाडून धुऊन घेतली. संध्याकाळी सर सतरंजीवर बसले आणि त्यांनी तीच भाकरी लावली.

मी वर होते. मला खालून आवाज आला तो पत्र्यावर थापल्यासारखा. मग तो बंद झाला. पुन्हा लागला, पुन्हा बंद झाला. त्यानंतर सरांनी स्पीकरना हातच लावला नाही. जेवायला बसत, उठत, ओट्यावर जाऊन बसत. मी काही विचारलं तर मान हलवत. रस्त्यातलं पाणी कुठे जातं हे सांगणंही थांबलं. मला वाटलं, जोडी पसंत पडली नाही. काकूंना वाटलं, भावाशी काही झालं. खरी गोष्ट ही होती की सरांना वाटलं, कान गेले. डॉक्टर म्हणाले होते की आधी बारीक आवाज जातील, मग सगळं पोकळ वाटेल. तसंच झालं होतं. कालपर्यंत भरलेला आवाज आज पोकळ होता. त्यांनी तो पोकळपणा स्वतःच्या अंगावर घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.

हे उलगडलं ते काकूंमुळे, आणि तेही त्यांच्या त्राग्यातून. त्या स्वयंपाकघरातून सरांना जेवायला हाक मारत होत्या आणि पुढच्या खोलीतून त्यांचीच हाक त्यांना परत ऐकू येत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वैतागून म्हणाल्या, "या खोलीत बोललं की दोन-दोनदा ऐकू येऊन राहिलं. पोती होती तर बरं होतं."

सरांनी मान वर केली. ते उठले, खोलीच्या मधोमध गेले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून परत आली. त्यांनी पुन्हा वाजवली. मग ते काकूंकडे बघत राहिले. काकूंना एव्हाना सगळं कळलं असावं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कान न्हाई गेले तुमचे. हळद गेली."

सर तिथेच फरशीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. काकूंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या हातात वाकळा घेऊन. त्यांनी आयुष्यभर शिवलेल्या गोधड्या, जुन्या लुगड्यांच्या, कडेला आरशांचं काम केलेल्या. त्यातली एक त्यांच्या आईच्या हातची होती. मला त्यांनी हातोडी आणि खिळे आणायला सांगितलं. दुपारपर्यंत मागची भिंत वाकळांनी झाकली गेली. भूगोलाच्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे कोपऱ्यांत लावले. सरांनी टाळी वाजवली. टाळी परत आली नाही.

तरीही त्यांनी जोडी लगेच पक्की केली नाही. नवरदेव आणि सासराही याच खोलीत ऐकायला हवेत, नाही तर न्याय होणार नाही, असं ते म्हणाले. त्यात पावसाळा गेला. आणि तेवढ्यात कान खरोखरच जायला लागले.

ते हळूहळू झालं. आधी बांगड्या गेल्या. भाकरीच्या रेकॉर्डिंगमधल्या बांगड्या त्यांना ऐकू येईनात. मग तव्यावरचा फस्स गेला. कानाचं मशीन आणलं, पण ते घातलं की सगळं जग खाली बसतं, अशी त्यांची तक्रार होती. कंडक्टरसुद्धा बसून बोलतो. ते त्यांनी डबीत ठेवून दिलं. आता ते मला खाली बोलवायचे आणि सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसवायचे. रेकॉर्डिंग लागलं की माझ्या तोंडाकडे बघायचे. "बाई उभी आहे का बसलेली?" मी सांगायची, भाकरी थापणारी बाई बसलेलीच असणार ना सर. त्यावर ते म्हणायचे, तिचा आवाज उभा आहे का ते सांगा. मी माझ्या परीने सांगायची.

शेवटी निकाल काकूंनीच दिला. त्या दिवशी पुन्हा तलाठ्याची जोडी लावलेली होती. काकू परसात भांडी घासत होत्या. सरांनी भाकरी लावली. तिसऱ्या-चौथ्या थापेला मागून काकूंची जोरात हाक आली, "कोण आलंय घरात? माझ्या काटवटीत कोण थापून राहिलं?" आणि त्या ओल्या हातांनीच आत आल्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. त्या पुढच्या खोलीच्या दारात येऊन थांबल्या.

सरांना त्यांची हाक ऐकू आली नव्हती. मी त्यांना सांगितलं, "सर, काकू फसल्या." त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, त्यांच्या ओल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग हेच."

अशी ती जोडी घेतली. इतक्या वर्षांचा विचार ज्याच्यासाठी चालला होता ते गाणं मात्र तिच्यात नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास सरांनी काकूंना पुन्हा एकदा विचारलं. त्या वेळी मी तिथे होते. तोवर त्यांना जवळून मोठ्याने बोललेलंच कळायचं. त्यांनी यावेळी वेगळा युक्तिवाद केला. ते म्हणाले, आता मला ऐकू येणार नाही. म्हणजे तू म्हटलीस तरी माझ्यापुरती ती म्हटलीच नाहीस. मग घर कशाला सुटेल. ती फोनमध्ये राहील, मॅडम ऐकतील, मी नुसता स्पीकरवर हात ठेवीन.

काकू त्यांच्याजवळ गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "तुमाला ऐकू येत न्हाई, तर म्हणू कुणासाठी?"

"हे बराबर आहे," सर म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

ते रोज सकाळी सतरंजीवर बसायचे. काकू त्यांना स्पीकर लावून द्यायच्या, काहीही, कधी रेडिओ, कधी भाकरी. ते दोन्ही बाजूंना हात लांब करून स्पीकरच्या कुशींवर तळवे टेकायचे. चांगला स्पीकर हाताला कळत नाही, त्याची कूस हलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यामुळे त्यांच्या तळव्यांना काय कळत असेल, असा विचार माझ्या मनात येई. मी विचारलं नाही. ते तिथे प्रसन्न दिसायचे.

थंडीत एके सकाळी सर उठले नाहीत.

तांड्यावरून जीप आणि टेम्पो भरून माणसं आली. पुण्याहून मुलगी आली. अंगणात तिरडी बांधली गेली. काकू आत बायकांमध्ये बसून होत्या, रडतही होत्या, पण आवाज नव्हता. सगळं नेहमीच्या क्रमाने चाललं होतं. पुरुषांनी तिरडीला हात घातला, खांद्यावर घेतली, आणि ते वळले. तेव्हा काकू उठल्या. कुणी त्यांना आधार द्यायला गेलं, तो हात त्यांनी बाजूला केला. त्या ओट्यावर आल्या, ओट्याच्या अगदी कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

मी अंगणात खाली होते. मला त्यांची बोली कळत नाही. पहिले दोन शब्द फाटले, मग आवाज सरळ झाला. तो मोठा नव्हता. तो वरून आला. तिरडीचे पुरुष थांबले. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण त्यांना गाणं ओळखता आलं होतं आणि ते तिथे का आहे हे कळत नव्हतं. त्यातली एक तोंडाला पदर लावून म्हणाली, अगं ही तर हवेली. सरांची मुलगी पायरीवर उभी होती. तिने आईकडे मान वर करून पाहिलं आणि ती तशीच पाहत राहिली.

गाणं संपल्यावर काकूंनी हात खाली घेतले. पुरुष पुढे निघाले.

दिवस झाल्यावर सरांच्या वहिनी, वयाने काकूंपेक्षा मोठ्या, त्यांना म्हणाल्या की तू हे बरं केलं नाहीस, ती नवरीनं म्हणायची असते. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घर सोडणारानं म्हणायची असते," त्या म्हणाल्या. "त्यांना येत नव्हती. म्हणून मी म्हटली."

वहिनींनी सूप जवळ ओढलं आणि त्याही निवडायला लागल्या.

संक्रांतीनंतर काकूंनी घर बंद केलं आणि त्या तांड्यावर दिराकडे राहायला गेल्या. मुलीने पुण्याला चल म्हणून फार आग्रह केला, पण त्या गेल्या नाहीत. वाकळा सोबत नेल्या. स्पीकर मला दिले. मी आता दुसऱ्या घरात राहते, खोली लहान आहे, भिंतीला पुस्तकं लावली आहेत. टाळी वाजवली तर परत येत नाही. मी खुर्ची बाजूला ठेवते आणि खाली बसते.

त्या सकाळच्या गाण्याचं रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. भाकरीचं आहे.